एक भाषा, एक देश? दहावीच्या धड्याचं उत्तर कावेरीच्या खोऱ्यात

घरात दहावीचं मूल असेल आणि शाळा सीबीएसईची असेल, तर इतिहासाच्या पुस्तकातला पहिला धडा एव्हाना तुम्हालाही पाठ झाला असेल. युरोपातील राष्ट्रवादाचा उदय. मॅझिनी, काव्हूर, गॅरिबाल्डी, बिस्मार्क. १८६१, १८६६, १८७०, १८७१. मुलं नावं आणि सनावळ्या घोकतात, पेपर लिहितात आणि विसरून जातात. पण एखादं चौकस मूल मध्येच विचारतं, "एक भाषा बोलणाऱ्यांचा एकच देश असायला पाहिजे का? मग आपल्या भारताचं काय?" आणि आपण म्हणतो, "आधी पाठ कर, मग बघू."

आज ते 'मग बघू' बघूया.

हा लेख मी तिरुक्करुगावूरमधून लिहितेय. तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यातलं, कुंभकोणमपासून साधारण २० किलोमीटरवरचं हे गाव. तुमच्यापैकी काहींनी हे नाव गर्भरक्षांबिका देवीमुळे ऐकलं असेल. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून इथलं प्रसादाचं तूप महाराष्ट्रातल्या घरांतही मागवलं जातं. पण हा सगळा भाग शंभराहून जास्त वर्षं मराठी राजांच्या राज्यात होता, हे दर्शन घेऊन परतणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. आणि इटली-जर्मनीचा तो धडा समजून घ्यायला याच्यासारखी जागा नाही. कशी, ते सांगते.

आधी धडा, थोडक्यात

१८१५ साली नेपोलियनचा पराभव झाल्यावर व्हिएन्नामध्ये युरोपातल्या राजांनी नकाशा पुन्हा आखला. तेव्हा इटली नावाचा देश नव्हता. त्या भूभागावर लहानमोठी राज्यं होती. काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात, मधला पट्टा पोपच्या ताब्यात, दक्षिणेला बुर्बाँ घराण्याचं राज्य. जर्मनी नावाचा देशही नव्हता. जर्मन बोलणारी ३९ राज्यं होती आणि त्यांचा एक सैलसा संघ होता.

मॅझिनी हा जिनोआचा. त्याने १८३१ मध्ये 'तरुण इटली' ही संघटना काढली. इटालियन लोक एक आहेत, त्यांचं एकच प्रजासत्ताक हवं, ही त्याची मागणी. त्याचे उठाव फसले. पुढे पीडमाँटचा पंतप्रधान काव्हूर याने फ्रान्सची मदत घेऊन ऑस्ट्रियाला हरवलं. १८६० मध्ये गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला आणि दक्षिण इटली जिंकली. १७ मार्च १८६१ रोजी इटलीचं राज्य जाहीर झालं. व्हेनिस १८६६ मध्ये आलं, रोम १८७० मध्ये.

जर्मनीत सुरुवात बाजारापासून झाली. १८३४ मध्ये बऱ्याच राज्यांनी जकातसंघ केला, म्हणजे आपापसातले जकातनाके उठवले. १८४८ मध्ये फ्रँकफर्टला लोकांनी निवडलेली सभा भरली, पण प्रशियाच्या राजाने त्यांचा मुकुट नाकारला. मग बिस्मार्कने डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सशी तीन युद्धं केली आणि १८ जानेवारी १८७१ रोजी जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. तीही फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात!

परीक्षेला एवढं पुरतं. पण मुलांना यापुढच्या दोन गोष्टी जरूर सांगा.

पहिली गोष्ट. एकीकरण झालं तेव्हा किती जण इटालियन बोलत होते? भाषातज्ज्ञांचे अंदाज अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंतच जातात. बाकीचे आपापल्या बोली बोलत. सिसिलीच्या शेतकऱ्याला व्हेनिसच्या कोळ्याचं बोलणं कळत नव्हतं. म्हणजे एक भाषा आधी होती आणि मग देश झाला, असं सरळ घडलं नाही. देश आधी झाला. मग शाळा, सैन्य, वर्तमानपत्रं आणि पुढे रेडिओ-टीव्ही यांनी ती भाषा घरोघर नेली.

दुसरी गोष्ट. ज्या गॅरिबाल्डीने अर्धी इटली जिंकून दिली, त्याचं जन्मगाव नीस. मदतीच्या बदल्यात ते १८६० मध्ये फ्रान्सला देऊन टाकलं गेलं आणि आजही ते फ्रान्समध्ये आहे. जर्मनीत तर जर्मन बोलणारा ऑस्ट्रिया बाहेरच ठेवला गेला. प्रत्येक एकीकरणात कुणीतरी आपलं माणूस कुंपणाबाहेर राहतं.

आता तंजावर: दोन भाऊ, दोन राज्यं

शहाजीराजांचे दोन मुलगे आपल्याला माहीत आहेत. जिजाबाईंचे शिवाजी आणि तुकाबाईंचे व्यंकोजी, म्हणजेच एकोजी. व्यंकोजी विजापूरच्या आदिलशहाच्या चाकरीत होते. १६७०च्या दशकात ते फौज घेऊन तंजावरला आले आणि तिथल्या नायक राजांचं राज्य त्यांच्या हाती आलं. इकडे १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत दोघे भाऊ भेटले. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजींनी तो दिला नाही आणि ते रातोरात निघून गेले. मग दोन्हीकडच्या फौजांत लढाईही झाली. शेवटी समेट झाला आणि तंजावर व्यंकोजींकडेच राहिलं.

इथे मुलांना एक प्रश्न विचारा. दोघेही मराठी बोलणारे, दोघेही भोसले, सख्खे नसले तरी एकाच बापाचे. मग 'दोन्हीकडे मराठी आहे, तर दोन्ही राज्यं एक करूया' असं का झालं नाही?

उत्तर सोपं आहे. त्या काळात राज्य भाषेवरून ठरत नसे. वाद होता तो वाट्याचा, हक्काचा आणि निष्ठेचा. महाराजांच्या स्वराज्याच्या कल्पनेत परक्या सत्तेची ताबेदारी नको हे होतं, पण मराठी बोलणारा प्रत्येक माणूस एका सीमेच्या आत हवा, हा हिशेब नव्हता. युरोपातही तेव्हा हेच होतं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या प्रजेत जर्मन, हंगेरियन, चेक, इटालियन, पोलिश असे सगळे होते आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. 'एक भाषा, एक लोक, एक देश' ही मागणी खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकातली. आपल्याला ती फार जुनी आणि नैसर्गिक वाटते, एवढंच.

पाच भाषांचं नाटक आणि 'जर्मन' गुरू

तंजावरच्या मराठी राजांनी इथे काय केलं, ते बघण्यासारखं आहे. व्यंकोजींचे पुत्र दुसरे शहाजी स्वतः लेखक होते. त्यांच्या नावावर 'पंचभाषाविलास' नावाचं नाटक आहे. त्यात संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र येतात. या दरबारात मराठी नाटकं लिहिली जात होती, तीही विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून. मातृभाषा मराठी, दरबारात तेलुगू कविता, प्रजेची भाषा तमिळ, पूजेला संस्कृत. एकीसाठी दुसरी सोडावी लागली नाही.

तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख बघा. तो १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातला. चोळ राजांनी बांधलेलं, तमिळ शिलालेखांनी भरलेलं हजार वर्षांचं मंदिर आणि त्याच्याच भिंतीवर आपली देवनागरी अक्षरं. लेक तिथे उभी राहून ती वाचू शकते, यासारखा इतिहासाचा तास नाही.

याच सरफोजीराजांच्या आयुष्यात एक 'जर्मन' माणूस येतो. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा धर्मोपदेशक १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला. तेव्हा ते बंदर डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पुढे तंजावरच्या तुळजाराजांनी आपल्या दत्तक मुलाची, म्हणजे लहानग्या सरफोजींची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. सरफोजी त्याच्या देखरेखीखाली शिकले. ते हिंदूच राहिले, पण गुरूला विसरले नाहीत. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारल्यावर राजांनी त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. मरणशय्येवरचा गुरू आणि शेजारी उभे राजे, असं ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे.

मी त्याला अवतरणचिन्हांत 'जर्मन' म्हटलं, कारण तो जन्मला तेव्हा जर्मनी नव्हती. तो प्रशियाच्या राजाचा प्रजाजन. त्याचं जन्मगाव सोनेनबुर्ग. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि ते गाव पोलंडमध्ये गेलं. आज त्याचं नाव स्वोन्स्क. माणूस जर्मन बोलणारा, कामाला डॅनिश वसाहतीत आला, मराठी राजाचा गुरू झाला, तमिळ मुलखात पुरला गेला आणि त्याचं गाव आज पोलिश आहे. आता 'तो कुठला?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्या बघू.

मॅझिनी मराठीत आणि तमिळमध्येही

तंजावरचं राज्य १८५५ मध्ये संपलं. शेवटचे राजे शिवाजी यांना मुलगा नव्हता आणि डलहौसीच्या काळात ब्रिटिशांनी गादी खालसा केली. राज्य गेलं, पण इथली मराठी माणसं कुठेच गेली नाहीत. याच कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. तमिळ मुलखातल्या एका मराठी माणसाने देशभरातून आलेल्या लोकांचं मद्रासमध्ये स्वागत केलं. त्याला कुणी 'तू इथला की तिथला' असं विचारून थांबवलं नाही.

त्याच सुमारास इटलीची गोष्ट भारतात पोचत होती. बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी मॅझिनीवर व्याख्यानं देत होते. लाला लजपतराय यांनी त्याचं चरित्र उर्दूत लिहिलं. लंडनला शिकत असताना सावरकरांनी मॅझिनीचं आत्मचरित्र आणि राजकारण मराठीत आणलं. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. इकडे तमिळमध्ये सुब्रमण्य भारतींनी मॅझिनीच्या शपथेवर कविता केली. आणि त्याच भारतींनी शिवाजी महाराजांवरही तमिळमध्ये कविता लिहिली, महाराज आपल्या सैन्याशी बोलताहेत अशी.

मात्र आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मॅझिनीची शपथ इथे एका भाषेसाठी घेतली गेली नाही. मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्यांनी ती एकाच देशासाठी घेतली. १९२० पासून काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या. देश एक आणि आत भाषांना आपापली घरं, ही आपली तडजोड तिथून सुरू झाली.

आपलं स्वतःचं एकीकरण

मुलांना बिस्मार्क कठीण जात असेल तर आजी-आजोबांना संयुक्त महाराष्ट्राबद्दल बोलतं करा. स्वातंत्र्यानंतर मराठी माणूस तीन राज्यांत विभागलेला होता. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबादमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला हे भाग एकत्र आले, पण गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य म्हणून. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एका समितीत आले. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी गावोगाव माणसं जागी केली. शंभराहून जास्त जणांनी प्राण दिले. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्यासाठी आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

बिस्मार्कने केलं तसं इथे कुणी शेजाऱ्यावर सैन्य घातलं नाही. मोर्चे, सभा, निवडणुका आणि शाहिरी यांतून हे राज्य आलं. हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्या.

आणि तरीही आपलं एकीकरण अपुरंच राहिलं. बेळगाव बाहेर राहिलं आणि त्याची ठसठस आजही आहे. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. घरोघर मराठी वाचली जात असूनही गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल दिला. भाषेचं नातं आहे म्हणून एका राज्यात यायचंच, असं सगळ्यांना वाटत नाही.

तंजावर-कुंभकोणमच्या मराठी माणसांना तर कुणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंही. हजारएक किलोमीटरवरच्या या लोकांचं राज्य कोणत्याही नकाशात बसलं नसतं. ते आधी मद्रास राज्यात होते, १९६९ मध्ये त्याचं नाव तमिळनाडू झालं, तिथेच ते राहिले. त्यांची मराठी तमिळच्या सहवासात वाढली. तिची चाल पुण्या-मुंबईच्या कानाला वेगळी लागते. बरेच जण ती बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं वापरतात, कारण शाळेत तीच शिकलेली. कुणी त्यांना 'तुमची मराठी शुद्ध नाही' म्हणतं, तेव्हा मला इटलीच्या शाळा आठवतात. राष्ट्रभाषा शिकवताना मुलांच्या घरातली बोली तिथे गावंढळ ठरवली गेली. आपण आपल्याच माणसांशी तसं वागू नये.

दोन एकीकरणं जिथे एकमेकांना धडकली

आल्प्सच्या डोंगरात दक्षिण टायरॉल नावाचा भाग आहे. तिथले लोक जर्मन बोलणारे, राज्य ऑस्ट्रियाचं. पहिल्या महायुद्धानंतर तो इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या सरकारने जर्मन शाळा बंद केल्या आणि गावांची नावं इटालियन केली. लोक मुलांना चोरून घरात आणि तळघरात जर्मन शिकवत. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून त्यांच्यापुढे पर्याय ठेवला. भाषा हवी असेल तर घर सोडून जर्मनीत जा. घर हवं असेल तर भाषा सोडा.

एकाच घरात एक भाऊ 'जाऊ' म्हणाला, दुसरा 'राहू'. शेजारी शेजाऱ्याला गद्दार म्हणू लागला. बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय निवडला. महायुद्धामुळे त्यातले बरेच प्रत्यक्षात जाऊ शकले नाहीत. पुढे १९४६ मध्ये ऑस्ट्रिया आणि इटलीचा करार झाला, १९७२ मध्ये भक्कम स्वायत्तता मिळाली. आज तिथे रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, शाळाही दोन्ही भाषांच्या आहेत आणि सीमा जिथे होती तिथेच आहे.

'घर की भाषा' हा प्रश्न तंजावरच्या राजांनी आपल्या प्रजेला कधी घातला नाही. त्यांच्या राज्यात तमिळ माणूस तमिळ राहिला. आणि त्यांचं राज्य गेल्यावर तमिळ मुलखानेही इथल्या मराठी घरांना 'बाहेर व्हा' म्हटलं नाही.

मुलांसोबत एवढं करून बघा

१. नकाशात चार गावं शोधायला लावा: नीस, स्वोन्स्क, दक्षिण टायरॉलचं बोल्झानो आणि बेळगाव. प्रत्येकासाठी एकच प्रश्न. इथे शंभर वर्षांपूर्वी कुणाचं राज्य होतं आणि घरात कोणती भाषा होती?

२. उत्तरपत्रिकेत 'राष्ट्रवाद' लिहिताना दोन बाजू लिहायला सांगा. त्याने परक्या राजांपासून लोकांना सोडवलं, हे खरं. आणि जे साच्यात बसले नाहीत त्यांना त्याने छळलं, हेही खरं.

३. घरातल्या मोठ्यांची बोली मोबाइलवर रेकॉर्ड करा. अहिराणी असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो की तंजावरची मराठी. स्वयंपाकघरातले शब्द, रागवायचे शब्द, बाळाला झोपवतानाचे शब्द. तंजावरच्या मराठीला जवळपास पावणेदोनशे वर्षांत ना राजा मिळाला ना राज्य. ती टिकली ती आई मुलांशी बोलत राहिली म्हणून. आता नातवंडं चेन्नई, बंगळुरू आणि अमेरिकेत आहेत, घरात इंग्रजी आहे आणि ती साखळी तुटायला एक पिढी पुरेल. तुमच्या घरच्या बोलीचंही तेच आहे.

म्हणून मुलाने 'एक भाषा बोलणाऱ्यांचा एक देश असायलाच पाहिजे का?' असं विचारलं, तर त्याला सांगा: काहींनी तसा देश केला, त्यातून त्यांना बरंच मिळालं आणि बरंच रक्तही सांडलं. आपण अनेक भाषांचा एक देश केला. तो चालवायचा तर आपली भाषा बोलत राहायची आणि शेजाऱ्याची ऐकायला शिकायची.

तुमच्या घरी किती भाषा बोलल्या जातात? महाराष्ट्राबाहेर राहून मराठी कशी टिकवली आहे? आजी-आजोबांचा एखादा खास शब्द असेल तर तो अर्थासह आम्हाला नक्की पाठवा. पुढच्या वेळी त्यातल्या निवडक शब्दांची ओळख याच सदरात करून घेऊ.